तारांकित टिटवी

क्रशर बंद झाला की माळाला पुन्हा ऐकू येऊ लागतं.
लगमण्णा बत्ती माझ्या वहीवर धरतो:
काय लिवालीस येवढं, उभं-आडवं?
एका पाखराचं नाव. कुणीच न ऐकलेलं.
कोणच न्हाई?
कुणीच नाही. म्हणून त्याच्या कपाळावर हा तारा.
जो शब्द कुठं लिहिलेला सापडत नाही,
ज्याचा एकही साक्षीदार जिवंत नाही,
त्याला आम्ही आधी तारा लावतो, मग पुढं बोलतो.

*चायिका.
दीडेक हजार वर्षांमागं, बर्फाच्या मुलखात,
दलदलीच्या काठी कुणीतरी टिटवीला असं म्हणत असावं.
असावं. आमचं अख्खं शास्त्र
या एका क्रियापदावर उभं आहे, तेही एका पायावर.

तिच्या लेकी लांब लांब पडल्या.
एकीच्या घरी ती टिटवीच राहिली.
एक समुद्राकडे गेली आणि तिथं तिची कुरव झाली.
लेकींची तोंडं शेजारी शेजारी ठेवून
आम्ही आईचं नाक काढतो.

लगमण्णा हसला नाही.
नीलव्वाचा फोटूच नव्हता, म्हणाला.
रेशनकार्डावर एक होता, तो पुराच्या पाण्यात गेला.
मग तिघी पोरींना एका बाकावर बसवलं,
गडहिंग्लजची, गोकाकची, आणि घरातली,
निपाणीच्या दस्तगीर पेंटरपुढं.
दुकानांचे बोर्ड रंगवणारा माणूस,
दोन्ही लिप्यांत सारखाच हात.
हनुवटी माझी, मराठीत एक म्हणाली.
कपाळ माझं, कन्नडात दुसरी.
धाकटी काहीच बोलली नाही,
तिचे कान घेतले.
आणि डोळे?
डोळे तिचे न्हाईत, लगमण्णा म्हणाला.
बघणं तिचं हाय.

मी रूपं वाचून दाखवली.
चायिका, यातला च चहातला.
टिटवीला काही द्यायचं म्हटलं तर चायिचे,
इथं च बदलतो, चाकातला होतो.
लगमण्णानं दोन्ही नीट म्हटले.
शाळा कन्नड, बाजार मराठी,
त्याच्या जिभेवर चहाही आहे आणि चाकंही.

एकवचन, अनेकवचन, आणि मध्ये द्विवचन,
जे तुझ्या भाषेत नाही आणि माझ्या भाषेतून मोडीत गेलं.
राहिलंच असेल तर 'दोघं' या शब्दाच्या तळाशी,
न ढवळलेल्या साखरेइतकं.
आणि गंमत बघ,
'टिटवीला' आणि 'दोन टिटव्या',
दोहोंचं रूप एकच: चायिचे.
एकीला काही द्यायला जावं
तोवर त्या दोन झालेल्या असतात.

तो बोटानं रकाने मोजत खाली आला.
ह्यो शेवटचा कसला?
संबोधन. हाक मारायची तर चायिको.
त्या रकान्यापाशी तो बराच वेळ थांबला.
नीलव्वाला मी नावानं कधी बोलवलंच न्हाई.
ए म्हणायचो. नुसतं ए.
चाळीस वर्सं तेवढ्यावर भागलं.
हे बसतंय काय तुझ्या वहीत?

मी काही सांगणार, तोच तो म्हणाला, केळ!
आणि मी क्षणभर, मूर्खासारखी, फळाचा विचार केला.
केळ, म्हणजे ऐक.

खाणीच्या काठाला, मुरमात,
जिथं मोजणीचा दगड रोवलाय
(त्याच्या अलीकडे कुणाचं, पलीकडे कुणाचं,
हे अंडी घालताना तिनं विचारलेलं नाही)
टिटवी ओरडत उठली.
स्वतःचं नाव स्वतःच सांगत,
प्रत्यय न लावता,
पुन्हा पुन्हा, जणू आम्ही दोघं बहिरे.

लगमण्णानं बत्ती विझवली.
वर काय होतं ते मी सांगत नाही, तुम्ही ओळखलं असेल.
ओरडणं माळभर फिरून दूर गेलं,
तेव्हा अंधारात तो हळूच म्हणाला, ए.
पाखराला, की कुणाला, मी विचारलं नाही.
वहीत मात्र एक रकाना वाढवला
आणि त्याला तारा लावला नाही.